विनोदाची जाण असलेले सिनेदिग्दर्शक: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

विनोदी सिनेमांवर बोलायला बसलं की फिरून फिरून तेच प्रश्न येतात. बहुतेक निरोप रात्री अकरानंतर येतात, म्हणजे सिनेमा संपल्या संपल्या. दर वेळी वेगळं उत्तर लिहीत बसण्यापेक्षा ते सगळे इथे एकत्र केले आहेत. उत्तरं आमच्या आवडीनिवडीसकट आहेत, त्यामुळे भांडायला भरपूर जागा आहे.

१. विनोद लेखक लिहितो, नट करतो. मग दिग्दर्शकाची विनोदबुद्धी म्हणजे नेमकं काय?

वाक्य लेखकाचं असतं. पण ते किती थांबून आलं, तेव्हा कॅमेरा कोणाच्या तोंडावर होता आणि दार उघडं होतं की बंद, हे दिग्दर्शक ठरवतो. हशा बऱ्याचदा तिथे पिकतो.

बिली वाइल्डरच्या 'सम लाइक इट हॉट' (१९५९) मधला एक प्रसंग घ्या. गुंडांपासून जीव वाचवायला दोन वादक बायकांच्या वेशात बायकांच्या बँडमध्ये शिरले आहेत. त्यातल्या जॅक लेमनवर एक म्हातारा कोट्यधीश भाळतो. रात्रभर त्याच्याबरोबर नाचून आलेला लेमन पलंगावर पडल्या पडल्या मित्राला सांगतो की लग्न ठरलं. मित्र विचारतो, कोण ती भाग्यवान मुलगी? हा म्हणतो, मीच! आता थिएटर हसणार आणि पुढचं वाक्य त्या हशात बुडणार, हे वाइल्डरला आधीच दिसत होतं. म्हणून त्याने लेमनच्या हातात माराका दिल्या. माराका म्हणजे खुळखुळ्याच्या जातीचं वाद्य. प्रत्येक वाक्यानंतर लेमन तालात ते वाजवतो. लोकांना हसून घ्यायला सवड मिळते आणि गडी त्या लग्नाच्या कल्पनेत किती वाहवला आहे तेही दिसतं. सेटवर चिटपाखरू हसत नसताना थिएटरातल्या हशाची लांबी मोजायची, हे काम दिग्दर्शकाचं.

२. फाटे न फोडता एकच नाव सांगा. सर्वांत चांगली विनोदबुद्धी कोणाची?

अर्न्स्ट लुबिच. जन्म बर्लिनमधला, १८९२ चा. १९२० च्या दशकात हॉलिवुडला गेला आणि तिथल्या लोकांना न दाखवता दाखवायला शिकवलं.

'द मेरी विडो' (१९३४) मध्ये एक राजा राणीच्या शयनगृहातून बाहेर पडतो. दारावर तरणाबांड पहारेकरी उभा आहे. राजा जिना उतरू लागतो, तसा पहारेकरी आत शिरतो आणि दार लावून घेतो. कॅमेरा बाहेरच. राजाच्या लक्षात येतं की तलवार आणि पट्टा आतच राहिला. तो परत वर येतो, आत जातो. कॅमेरा अजूनही बाहेरच. आता आत आरडाओरडा होणार म्हणून आपण श्वास रोखून धरतो. तर राजा शांतपणे पट्टा घेऊन बाहेर येतो, जिन्यात तो कमरेला लावायला जातो आणि पट्टा पुरत नाही. ढेरपोट्या राजाच्या हातात दुसऱ्याच कोणाचा तरी पट्टा आहे! मग तो पुन्हा वर निघतो. खोलीत काय झालं हे एकदाही न दाखवता, एका पट्ट्यावर सगळं प्रकरण उघडं पडलं.

वाइल्डर हा त्याचा चेला. 'निनोच्का' (१९३९) च्या पटकथेत त्याचा हात होता. पुढे स्वतः मोठा झाल्यावरही त्याने ऑफिसात पाटी लावली होती: लुबिचने हे कसं केलं असतं?

३. घरातल्या सगळ्यांना इंग्रजी जमत नाही. सुरुवात कुठून करावी?

'चुपके चुपके' (१९७५), मग 'चष्मेबद्दूर' (१९८१), मग थेट बस्टर कीटनचा 'शेरलॉक ज्युनियर' (१९२४). तिसरा मूकपट आहे आणि तासाभराच्या आतच संपतो. त्यात सिनेमा दाखवणारा ऑपरेटर झोपेत पडद्यातच शिरतो, आणि मागचं दृश्य बदलत जातं तशी त्याची फटफजिती होत जाते. आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांना कळतं, कोणालाही काही समजावून सांगावं लागत नाही.

लुबिच आणि वाइल्डर त्यानंतर. त्यांच्याकडे बोलणं भरपूर आहे, त्यामुळे उपशीर्षकं वाचायची तयारी हवी.

४. चॅप्लिन मोठा की कीटन?

या प्रश्नावर मैत्र्या तुटलेल्या आहेत. आमचं मत सांगतो. माणूस म्हणून जीव चॅप्लिनवर जडतो, पण दिग्दर्शक म्हणून कीटन.

कीटनला कॅमेरा कुठे ठेवायचा हे अचूक कळायचं. 'स्टीमबोट बिल ज्युनियर' (१९२८) मध्ये वादळात घराची अख्खी दर्शनी भिंत त्याच्या अंगावर कोसळते आणि तो वरच्या मजल्याच्या उघड्या खिडकीतून बरोबर वाचतो. भिंत खरी आणि जड, मोकळीक जेमतेम काही इंचांची. हे सगळं एकाच लांबच्या दृश्यात, मध्ये कुठे तुकडा न करता दिसतं. तुकडे केले असते तर ती नुसती हातचलाखी वाटली असती. आणि भिंत पडल्यावरही त्याच्या चेहऱ्यावरची माशी हलत नाही.

चॅप्लिनची बाजूही ऐका. 'सिटी लाइट्स' (१९३१) मध्ये आंधळ्या फुलवालीला हा भटक्या श्रीमंत वाटायला हवा होता. ते कसं दाखवायचं हे काही केल्या सुचेना आणि त्या दृश्याची ३०० हून अधिक चित्रणं झाली. उत्तर सापडलं ते मोटारीच्या दारात. ट्रॅफिकमधून वाट काढायला भटक्या एका उभ्या मोटारीतून शिरून या बाजूला उतरतो, दार लागतं, म्हणून तिला वाटतं साहेब उतरले. पुढे मोटारीचा खरा मालक येऊन बसतो, दार पुन्हा लागतं आणि तिला वाटतं साहेब सुटे पैसे न घेताच गेले. सगळी गोष्ट दाराच्या आवाजावर उभी आहे आणि सिनेमात संवाद एकही नाही.

५. मराठीत विनोदी सिनेमे ढीगभर आहेत. विनोदाची जाण असलेले दिग्दर्शक किती?

ढिगाच्या मानाने कमी, पण आहेत ते अस्सल. मास्टर विनायकांपासून सुरुवात करावी लागते. कोल्हापूरच्या हंस पिक्चर्सचा 'ब्रह्मचारी' (१९३८) आचार्य अत्र्यांनी लिहिला, विनायकांनी दिग्दर्शित केला आणि नायक औदुंबरही तेच झाले. ब्रह्मचर्याचं व्रत घेतलेला बाप्या आणि समोर पोहण्याच्या पोशाखात 'यमुनाजळी खेळू खेळ' म्हणणाऱ्या मीनाक्षी शिरोडकर! त्या काळी यावर केवढा गहजब झाला. अत्र्यांची लेखणी आडदांड होती. विनायकांनी ती ज्या निरागस चेहऱ्याने पडद्यावर आणली, त्यामुळे टोमणा बोचरा झाला पण बीभत्स झाला नाही. पुढच्याच वर्षी याच जोडीने 'ब्रँडीची बाटली' आणली.

मग राजा परांजपे: १९५२ या एकाच वर्षात 'लाखाची गोष्ट' आणि 'पेडगावचे शहाणे'. १९५३ चा 'गुळाचा गणपती' तर लेखन, संगीत, दिग्दर्शन आणि मुख्य भूमिका धरून 'सबकुछ पु. ल.' आमच्या मते तो पुलंमधल्या दिग्दर्शकापेक्षा नटाचा सिनेमा आहे, पण हे बोलायची सोय नाही.

आधी उल्लेख केलेल्या कॅमेऱ्याच्या विनोदात आपल्याकडे उमेश कुलकर्णींचा 'वळू' (२००८) उजवा. गावात डुरक्या नावाचा वळू मोकाट सुटला आहे आणि त्याला धरायला वनखात्याचा साहेब आला आहे. बरोबर त्याचा भाऊ, डॉक्युमेंटरी करायला. एकदा गावात कॅमेरा आल्यावर जो तो त्याच्यापुढे उभा राहून शहाण्यासारखं बोलू लागतो, आणि दोन मिनिटांत प्रत्येकाचं गावकीतलं राजकारण बाहेर पडतं. डुरक्या तोवर बिचारा कुठेतरी शेतात चरत असतो. आपल्याला त्याची बाजू पटायला लागते, ही त्या सिनेमाची खोडी.

परेश मोकाशींबद्दल प्रश्न १४ मध्ये. सचिन पिळगांवकरांचं प्रश्न ७ मध्ये.

६. दादा कोंडक्यांचं नाव का नाही घेतलं? 'सोंगाड्या' विसरलात का?

विसरू कसे? पण 'सोंगाड्या' (१९७१) चे दिग्दर्शक गोविंद कुलकर्णी होते. दादा निर्माते आणि नायक, लेखन वसंत सबनीसांचं. ही गल्लत इतकी रूढ आहे की दादांचे म्हणून सांगितल्या जाणाऱ्या पहिल्या दोन सिनेमांचं दिग्दर्शन त्यांचं नाही, हे ऐकून लोक चिडतात. 'एकटा जीव सदाशिव' (१९७२) सुद्धा गोविंद कुलकर्णींचाच. दादा दिग्दर्शक म्हणून पाहायचे तर 'पांडू हवालदार' (१९७५) पाहा.

दादांची खरी ताकद वगनाट्यातून आलेली: प्रेक्षकाशी थेट नातं आणि शब्दाला दुसरा अर्थ आहे हे माहीतच नसल्याचा साळसूद चेहरा. द्विअर्थी बोलणं हा काही कमअस्सल विनोद नव्हे. लावणी, वग आणि शिमग्याच्या परंपरेत त्याला पूर्वापार जागा आहे. नऊ सिनेमांच्या रौप्यमहोत्सवांचा विक्रम गिनेस बुकात गेला तो उगाच नाही. आमची तक्रार एवढीच की नंतरच्या सिनेमांत कॅमेरा नुसता समोर उभा राहून ऐकतो. रंगमंचाला ते चालतं. सिनेमाला आणखी काहीतरी करता आलं असतं.

७. 'अशी ही बनवाबनवी' ही 'सम लाइक इट हॉट'ची नक्कल आहे असं भाऊजी म्हणतात. खरं का?

भाऊजींना सांगा, घर चुकलं. 'बनवाबनवी' (१९८८) चं मूळ हृषिकेश मुखर्जींच्या 'बीवी और मकान' (१९६६) मध्ये आहे. राहायला जागा मिळेना म्हणून मित्रांपैकी दोघे बायका होतात, ही गोष्ट तिथली. आणि वाइल्डरची तरी पाटी कुठे कोरी होती? 'सम लाइक इट हॉट'ची कल्पना १९३५ च्या एका फ्रेंच सिनेमातली, ज्यावर १९५१ मध्ये जर्मन सिनेमाही निघाला होता.

उसनी गोष्ट घेऊन आपला संसार कसा थाटायचा ते मात्र सचिन पिळगांवकर आणि वसंत सबनीस यांच्याकडून शिकावं. धनंजय माने आणि विश्वासराव सरपोतदार यांच्यातला औषधाच्या पैशांचा संवाद आठवा. 'सत्तर रुपये वारले' हे वाक्य सगळे म्हणतात. पण पुढच्या वेळी ऐकताना सुधीर जोशींच्या चेहऱ्यावर लक्ष ठेवा. भाडेकरू थापा मारतोय हे त्यांना कळतंय आणि पकडता येत नाही. अशोक सराफ बोलतात आणि हशा पिकतो सुधीर जोशींच्या गप्प बसण्यावर. तो चेहरा पडद्यावर राहू देणं, हीच दिग्दर्शकाची करामत.

८. हृषिदा आणि बासूदा यांच्यात फरक काय? मला दोघांचे सिनेमे सारखेच वाटतात.

अमोल पालेकर दोघांकडेही असल्यामुळे घोळ होतो. खूण सोपी आहे: कोणी मोठ्ठी थाप मारली असेल तर सिनेमा हृषिदांचा, कोणाला साधं खरं बोलण्याचीही हिंमत होत नसेल तर बासूदांचा.

हृषिकेश मुखर्जी मूळचे संकलक. बिमल रॉय यांच्या 'दो बीघा ज़मीन'चं संकलन त्यांचं. थाप कुठे सुरू करायची, दुसरी तिच्यावर कधी रचायची, याचा हिशेब त्यांच्याकडे पक्का. 'गोलमाल' (१९७९) मध्ये मिशीवाला नोकर आणि बिनमिशीचा त्याचा भाऊ असा एकच माणूस दोन घरांत पळतोय, आणि मिशी म्हणजे चारित्र्य असं मानणारे उत्पल दत्त मध्ये उभे आहेत. आपण एका क्षणीही गोंधळत नाही, ही कमाल संकलकाची. (नागपूरचे राजकुमार हिरानीसुद्धा पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये संकलनच शिकले. हशा आणि हुंदका इतका जवळ जवळ बसवायचा तर कात्रीचीच सवय लागते बहुधा.)

बासू चटर्जी 'ब्लिट्झ' साप्ताहिकात व्यंगचित्रकार होते आणि ते त्यांच्या चौकटीत दिसतं. 'छोटी सी बात' मध्ये बसस्टॉपवरची रांग, रांगेत मान खाली घालून उभा असलेला अरुण, आणि पिवळ्या स्कूटरवरून येऊन प्रभाला घेऊन जाणारा नागेश. एकही शब्द नसता तरी चित्र पुरलं असतं.

९. मग सई परांजपे यांना या दोघांच्या रांगेत बसवायचं का?

आमच्या मते एक पाट पुढे. त्या दोघांना आपल्या पात्रांचं कौतुक आहे. सईताईंना कौतुकही आहे आणि त्यांच्या खोडी काढायचा मोहही आवरत नाही.

'चष्मेबद्दूर' मध्ये साबणाची पावडर विकायला आलेली नेहा सिद्धार्थच्या दारात उभी राहते. मळका कपडा बादलीत भिजत घालायचा आणि थोडं थांबायचं. दुसरा दिग्दर्शक इथून थेट स्वच्छ कपड्यावर गेला असता. सईताई थांबतात. कपडा भिजेपर्यंतच्या त्या वेळात दोन लाजऱ्या माणसांनी बोलायचं तरी काय? सगळं प्रेमप्रकरण त्या बादलीपाशी सुरू होतं. त्याआधी त्याचे दोन मित्र याच मुलीबद्दल आपापल्या फुशारक्या मारून मोकळे झालेले असतात, आणि त्यांच्या थापा चक्क हिंदी सिनेमातल्या गाण्यांच्या थाटात पडद्यावर येतात. प्रेक्षक ज्या सिनेमावर वाढला त्याचीच टर, पण हातात छडी नाही.

'कथा' (१९८३) जास्त तिखट आहे. तो श. गो. साठे यांच्या 'ससा आणि कासव' या मराठी नाटकावरून घेतला. चाळीतला कासव राजाराम, म्हणजे नसिरुद्दीन शाह, आणि ससा बाशू, म्हणजे फारूख शेख. यात शर्यत ससाच मारून नेतो, आणि चाळीतले सगळे त्याच्या प्रेमात असतात, आपल्यासकट. अख्ख्या चाळीला आणि थिएटरला एकदमच बनवायचं म्हणजे साधं काम नाही.

१०. 'जाने भी दो यारो' सगळे डोक्यावर घेतात. मला शेवटी हसू आलं नाही. माझं काही चुकतंय का?

अजिबात नाही. शेवटी हसू येऊ नये अशीच कुंदन शाह यांची योजना आहे. १९८३ चा हा सिनेमा राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाच्या तुटपुंज्या पैशांवर झाला. त्यात दोन गरीब फोटोग्राफर एका पूल बांधणाऱ्या टोळीच्या लफड्यात सापडतात. पुढे कमिशनर डिमेलोचं प्रेत हातोहात फिरत फिरत महाभारताच्या नाटकात पोचतं आणि तिथे द्रौपदी होतं. त्या प्रसंगी थिएटर खुर्च्यांवरून खाली येतं. आणि त्यानंतर थोड्याच वेळात दोघे निरपराध पोरगे कैद्याच्या वेशात रस्त्यावर दिसतात. पोटभर हसवून मग काय गिळायला लावलं, ते घरी गेल्यावर कळतं.

बारकाव्यांची हौस असेल तर फोटो काढला जातो त्या बागेचं नाव ऐका: अँटोनिओनी पार्क. फोटोत नकळत खून टिपला जाण्याची गोष्ट अँटोनिओनी या इटालियन दिग्दर्शकाने १९६६ मध्ये केली होती, त्याचं हे उघड ऋण. दोन्ही नायकांची नावं विनोद आणि सुधीर आहेत तीही सहाय्यकांतल्या मित्रांवरून. 'खबरदार'ची संपादिका शोभा म्हणजे आपल्या भक्ती बर्वे. 'ती फुलराणी'तली मंजुळा डोक्यात असेल तर ही थंड, आतल्या गाठीची बाई पाहून दचकायला होतं.

११. गंभीर म्हणून गाजलेल्या दिग्दर्शकांत छुपे विनोदी कोण?

यासुजिरो ओझू. 'टोकियो स्टोरी'वाला, हो तोच. त्याच्या 'गुड मॉर्निंग' (१९५९) मध्ये शाळकरी पोरं पादण्याची स्पर्धा लावतात आणि टीव्ही मिळेपर्यंत दोघे भाऊ मौनव्रत धरतात. मोठी माणसंही नुसतं 'आज हवा छान आहे' असलं निरर्थक बोलत असतात, हा मुलांचा मुद्दा, आणि तो बिनतोड आहे.

सत्यजित राय यांचा 'महापुरुष' (१९६५): सूर्य आपल्या आज्ञेने उगवतो असं भासवणारा बुवा. दोन हातांची बोटं एकाच वेळी उलटसुलट दिशांना फिरवून तो काळ समजावतो. करून पाहा, जमत नाही.

हिचकॉक आपल्या बहुतेक सिनेमांत क्षणभर दर्शन देत असे. 'लाइफबोट' (१९४४) मध्ये सगळी गोष्ट भर समुद्रातल्या एका होडीत घडते, तिथे हा जाडजूड माणूस आणायचा कुठून? तर होडीतल्या एका वर्तमानपत्रात वजन घटवण्याच्या औषधाची जाहिरात आहे आणि तिच्यातले 'आधी' व 'नंतर'चे दोन्ही फोटो हिचकॉकचे.

कुब्रिकने 'डॉ. स्ट्रेंजलव्ह' (१९६४) आधी गंभीर अणुयुद्धपट म्हणून लिहायला घेतला होता. लिहिता लिहिता त्याला कळलं की हे सगळं हास्यास्पदच आहे, आणि मग त्याने तेच धरलं.

१२. ताकद लावून 'प्लेटाइम' पाहिला. झोप लागली. यात विनोद कुठे आहे?

मोबाइलवर पाहिलात ना? जाक तातीने तो १९६७ मध्ये ७० मिलिमीटरच्या फिल्मवर, मोठ्या पडद्यासाठी काढला. त्यासाठी पॅरिसबाहेर काच आणि पोलादाचं अख्खं शहर उभारलं आणि त्या पायी पुरता कर्जबाजारी झाला. त्यात जवळून घेतलेले चेहरे जवळपास नाहीतच. एकाच चौकटीत चार ठिकाणी चार गमती चालू असतात आणि कुठे पाहायचं हे तो सांगत नाही.

दुसऱ्यांदा पाहताना थेट नव्या हॉटेलाच्या उद्घाटनाचा भाग लावा. दाराची काच फुटते. द्वारपाल काय करतो, तर हातात उरलेली पितळी मूठ धरून नसलेलं दार अदबीने उघडत आणि बंद करत राहतो, आणि येणारे साहेब लोक नसलेल्या दारातून ऐटीत आत जातात. हेही पाहून हसू आलं नाही तर ताती सोडून द्या, त्यात कमीपणा काही नाही. 'मस्यू हुलोज हॉलिडे' (१९५३) एकदा पाहा मात्र. तो सोपा आहे.

१३. प्रियदर्शन यादीत नाही? 'हेराफेरी'पेक्षा जास्त कोणी हसवलं आम्हाला?

हसवण्याबद्दल वाद नाही. 'हेराफेरी' (२०००) हा सिद्दीक–लाल यांच्या 'रामजी राव स्पीकिंग' (१९८९) या मल्याळम सिनेमावरून आला. मांडणी त्यांची, आणि बाबूराव गणपतराव आपटे परेश रावलांचा. प्रियदर्शन यांचं स्वतःचं कसब पाहायचं तर त्यांचे जुने मल्याळम सिनेमे पाहावे लागतील, 'किलुक्कम' (१९९१) सारखे. एकाच आवारात वीस माणसं पळताहेत आणि कोण कोणाच्या मागे आहे हे आपल्याला नीट कळतंय, हे त्यांना फार छान जमतं. हिंदीत पुढे पुढे नुसतं पळणं उरलं.

१४. आजच्या काळातलं मराठी नाव?

परेश मोकाशी. 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' (२००९) मध्ये फाळक्यांनी घरातल्या वस्तू विकल्या, डोळे गमावण्याची वेळ आली. याचा रडपट सहज झाला असता. मोकाशींचे फाळके प्रत्येक संकटाकडे नवं खेळणं मिळाल्यासारखे पाहतात, आणि सरस्वतीबाईंसकट अख्खं घर त्या खेळात सामील होतं. 'वाळवी' (२०२३) याच्या उलट टोकाचा, काळाकुट्ट. खुनाची योजना बारकाईने आखलेली आणि माणसं मात्र तुमच्याआमच्यासारखी धांदरट. एकाच माणसाने हे दोन्ही केले यावर विश्वास बसायला वेळ लागतो.

१५. मुलांना यातलं काय दाखवावं?

कीटन सगळा. 'गुड मॉर्निंग' नक्की (प्रश्न ११), परिणामांना तुम्ही जबाबदार. 'एलिझाबेथ एकादशी' (२०१४), पंढरपूरच्या गल्ल्यांसाठीही. 'वाळवी' आणि वाइल्डर दहावीनंतर.

१६. हे दिग्दर्शक प्रत्यक्ष आयुष्यातही विनोदी होते का?

काही होते. लिओ मॅक्केरीला 'द ऑफुल ट्रुथ' (१९३७) या विनोदी सिनेमासाठी ऑस्कर मिळालं, तेव्हा आभार मानून तो म्हणाला की तुम्ही चुकीच्या सिनेमासाठी दिलंत. त्याच वर्षीचा म्हाताऱ्या आईबापांवरचा त्याचा सिनेमा पडला होता आणि त्याचा जीव त्यात होता. कोएन बंधू आपले सिनेमे स्वतःच संकलित करतात आणि श्रेयनामावलीत रॉडरिक जेन्स असं नाव घालतात. हा गृहस्थ अस्तित्वातच नाही. तरी 'फार्गो' (१९९६) साठी त्याला ऑस्करचं नामांकन मिळालं, पुढे 'नो कंट्री फॉर ओल्ड मेन'साठी पुन्हा.

लुबिच १९४७ मध्ये गेला. अंत्यविधीनंतर वाइल्डर हळहळला, लुबिच संपला. बरोबरचा दिग्दर्शक विल्यम वायलर म्हणाला, त्याहून वाईट म्हणजे लुबिचचे सिनेमे संपले.

१७. श्रेयनामावलीत एकाचं नाव आणि सिनेमा दुसऱ्याचाच वाटतो. मग विनोद कोणाच्या खात्यावर मांडायचा?

'सोंगाड्या'चं प्रश्न ६ मध्ये आलंच. तिथे आम्ही कागदाच्या बाजूने आहोत. कीटनच्या बाबतीत उलट. प्रश्न ४ मधल्या त्या कोसळत्या भिंतीच्या सिनेमावर दिग्दर्शक म्हणून चार्ल्स राइसनरचं नाव आहे, 'द जनरल' (१९२६) वर कीटनबरोबर क्लाइड ब्रकमनचं. पण कीटनचे पाच सिनेमे ओळीने पाहिले की कॅमेऱ्याचं अंतर आणि वेळ साधण्याची पद्धत एकाच माणसाची आहे हे लपत नाही. तो हक्काचा स्टुडिओ सोडून मोठ्या कंपनीत नोकरीला गेला, सूत्रं हातातून सुटली, आणि सिनेमे लवकरच ओशाळवाणे झाले. यापेक्षा मोठा पुरावा काय हवा?

मार्क्स बंधूंचं, म्हणजे त्या अमेरिकी विनोदी नट भावांचं, कोडं मात्र सुटत नाही. 'डक सूप' (१९३३) मॅक्केरीचा. त्यात आरशाचा प्रसंग आहे: आरसा फुटलाय हे लपवायला एक भाऊ दुसऱ्याचं प्रतिबिंब होतो, आणि हा जे करील ते तो तसंच करत राहतो, संवादाशिवाय, संगीताशिवाय. एरवी या भावांच्या सिनेमात दोन मिनिटं शांतता मिळणं मुश्कील, त्यामुळे हात मॅक्केरीचा असं म्हणायचा मोह होतो. पण आरशाची ही युक्ती रंगमंचावर जुनीच होती आणि फ्रान्सच्या माक्स लँदेने १९२१ मध्ये पडद्यावरही आणली होती. आमच्यातले दोघे यावर अजून एकमेकांशी नीट बोलत नाहीत.